पार्श्वभूमी: एनव्हीएमईवर फाइल सिस्टिमची तुलना आणि 'डायरेक्ट'चा घोळ

एक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस आणि झेडएफएस या लिनक्सवर चालणाऱ्या फाइल सिस्टिमचे (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतींचे) एनव्हीएमई, म्हणजे वेगवान एसएसडी, डिस्कवरील वाचन-लेखनाचे आकडे एकाच तक्त्यात मांडण्याची पद्धत जुनीच. पण २०२५ मध्ये दोन बदल असे झाले की त्याआधीचा तक्ता आणि त्यानंतरचा तक्ता शेजारी ठेवून काही ठरवता येत नाही. दोन्ही बदल 'डायरेक्ट आयओ'तले, म्हणजे कर्नलची पेज कॅश (डिस्कवरच्या डेटाची रॅममधली प्रत) टाळून थेट डिस्कशी वाचन-लेखन करण्याच्या सोयीतले.

ही सोय आयरिक्स या जुन्या युनिक्स प्रणालीकडून आली. लिनक्समध्ये ती २.४.१० पासून, म्हणजे २००१ पासून आहे. स्वतःची कॅश स्वतः सांभाळणाऱ्या डेटाबेसना कर्नलची पेज कॅश वाटेत नको होती, एवढाच हेतू. युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉसिक्स मानकात तिला जागा नाही, त्यामुळे नेमके काय करायचे ते प्रत्येक फाइल सिस्टिमने आपापले ठरवले. फिरत्या डिस्कच्या काळात याने फारसे बिघडले नाही. डोके हलायलाच काही मिलिसेकंद जात, त्यात फाइल सिस्टिमचा खर्च दिसतच नसे. साटा डिस्कशी बोलण्याच्या एएचसीआय पद्धतीत आज्ञांची एक रांग आणि तीत ३२ आज्ञा. २०११ च्या एनव्हीएमई १.० मध्ये रांगाच ६४ हजारांच्या घरात. कर्नल ३.१३ मध्ये (२०१४) अनेक रांगांचा ब्लॉक थर आला, ५.१ मध्ये (२०१९) आयओ-युरिंग, म्हणजे कमी खर्चात आयओच्या विनंत्या पाठवण्याची सोय. डिस्क मायक्रोसेकंदांत उत्तर देऊ लागली की मेमरीतली जास्तीची एक नक्कल, एखादे लॉक, एखादा चेकसम, सगळे आकड्यात उमटते.

खरा वाद चेकसमचा. बीटीआरएफएस आधी डेटाचा चेकसम (डेटा बिघडला का ते ओळखण्यासाठी त्यावरून काढलेला अंक) काढते आणि मग तोच बफर, म्हणजे डेटा असलेला मेमरीतला तुकडा, डिस्ककडे पाठवते. डायरेक्ट लेखनात तो बफर अ‍ॅप्लिकेशनच्या ताब्यात असतो. चेकसम निघाल्यानंतर आणि डिस्कने डेटा उचलण्याआधी अ‍ॅप्लिकेशनने त्यातला एक बाइट जरी बदलला, तरी डिस्कवर नवा डेटा आणि जुना चेकसम बसतो. पुढे कधीतरी वाचताना आयओ एरर येते. डिस्क मात्र ठणठणीत. कॅश 'नन' (म्हणजे डायरेक्ट आयओ) ठेवून चालवलेल्या व्हर्च्युअल मशीनच्या इमेजवर ही तक्रार ठरलेली. कर्नल ६.१५ पासून (मे २०२५) फाइलला चेकसम लागू असेल तर डायरेक्ट लेखन मुकाट्याने पेज कॅशमधून वळवले जाते. तक्त्यात बीटीआरएफएसचा लेखनाचा आकडा घसरतो तो यामुळे. निर्णय योग्यच म्हणावा लागेल. वेगासाठी चुकीचा चेकसम लिहिणे कोणालाच परवडणारे नाही. खटकते ते एवढेच की अ‍ॅप्लिकेशनला याचा पत्ताच लागत नाही. जुनाच मार्ग हवा असेल तर फाइलवर नो-काऊ (बदल नव्या जागी न लिहिता जुन्याच जागी लिहिण्याचा) गुणधर्म लावावा लागतो, तोही फाइल रिकामी असतानाच, आणि त्यापायी चेकसम व कॉम्प्रेशन दोन्ही सोडावे लागतात.

झेडएफएसचा प्रवास उलटा. ०.८ पासून (२०१९) ती डायरेक्टची विनंती स्वीकारत असे, पण डेटा आर्क या आपल्या रॅममधल्या कॅशमधूनच नेत असे. २.३ मध्ये (जानेवारी २०२५) खरा डायरेक्ट मार्ग आला. बफर बदलण्याचा धोका तिथेही आहेच; लिनक्सवर ती लिहिताना चेकसम पुन्हा पडताळते आणि जुळला नाही तर एरर परत करते. मात्र रेकॉर्डसाइजच्या (झेडएफएस फाइलचे जेवढ्या आकाराचे तुकडे करते त्याच्या) पटीत न बसणारे लेखन अजूनही आर्कमधूनच जाते. रेकॉर्डसाइज मूळची १२८ केबी ठेवून ४ केबीची रँडम लेखन चाचणी लावली, तर 'डायरेक्ट' नाव दिलेल्या रकान्यात कॅशचा आणि रीड-मॉडिफाय-राइटचा (अख्खा तुकडा वाचून, बदलून पुन्हा लिहिण्याचा) मिश्र हिशेब पडतो.

बाकी पथ्ये जुनीच आहेत. एफआयओ या चाचणी-साधनाने मोजताना चाचणीची फाइल रॅमच्या किमान दुप्पट, आधीच पूर्ण भरलेली, आणि शेवटचे एफसिंक (डेटा डिस्कवर पक्का उतरवण्याची आज्ञा) वेळेत धरलेले हवे. डीडी या नक्कल करणाऱ्या आज्ञेने नुसती शून्ये लिहून काढलेला आकडा कॉम्प्रेशन चालू असेल तर बाद समजावा. घरगुती टीएलसी-क्यूएलसी डिस्कवर (एका पेशीत तीन-चार बिट ठेवणाऱ्या) एसएलसी कॅश, म्हणजे एका पेशीत एकच बिट ठेवणारा वेगवान भाग, संपून वेग खाली येईपर्यंत लिहीत राहावे लागते. एका फाइल सिस्टिमची चाचणी संपली की पुढचीच्या आधी अख्खी डिस्क ट्रिम करावी (सगळी जागा मोकळी असल्याचे डिस्कला कळवावे), नाहीतर पहिलीने टाकलेला पसारा आवरण्याचा वेळ दुसरीच्या खात्यात जातो. एफसिंकचे आकडे तर डिस्कवरच्या कपॅसिटरवर ठरतात: पॉवर-लॉस प्रोटेक्शन (वीज गेली तरी कपॅसिटरच्या जोरावर कॅशमधला डेटा वाचवण्याची सोय) नसलेली डिस्क फ्लशवर, म्हणजे कॅश रिकामी करण्याच्या आज्ञेवर, डेटा खरोखर नँड चिपमध्ये उतरवून मगच उत्तर देते; ती सोय असलेल्या डिस्कने कॅशची नोंद 'राइट थ्रू' (फ्लशची गरज नाही) अशी दिली, तर कर्नल तिला फ्लश पाठवतच नाही.