'कंप्युटरवाली' दुर्बीण: वादाची पार्श्वभूमी

खान्देशात हाताची दुर्बीण की कंप्युटरवाली हा वाद निघाला, की कोणीतरी चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचा दाखला देतोच. त्या परिसराशी नातं सांगणाऱ्या बाराव्या शतकातल्या गणितीनं, भास्कराचार्यांनी, भारी भारी यंत्रांची वर्णनं केली आणि कौल दिला तो एका काठीला, 'धीयंत्रा'ला, म्हणजे बुद्धीच्या यंत्राला. दाखला झकास आहे. वाद मात्र अगदी अलीकडचा.

1986 च्या हॅले आणि 1997 च्या हेल-बॉप या धूमकेतूंनी ज्यांना नाद लावला, त्यांच्यापुढे निवडच नव्हती. काचेच्या दोन चकत्या, मध्ये कार्बोरंडमची खरखरीत पूड, आणि आठवडेच्या आठवडे घासणं. सहा इंची आरसा झाला की नळी प्लायवूडच्या साध्या, हातानं वळणाऱ्या 'डॉब्सोनियन' बैठकीवर ठेवायची आणि आकाशातली बाज, तिकांडं हे तारकासमूह ओळखत हातानं फिरवायची. परदेशात 1987 पासून कंप्युटर जोडलेल्या दुर्बिणी मिळत होत्या. लहान, खिशाला झेपणाऱ्या 1999 च्या सुमारास आल्या.

घोळ शब्दाचा आहे. 'कंप्युटरवाली' म्हणून तीन वेगळ्या वस्तू खपतात. एकीत नुसती मोटर: पृथ्वीच्या फिरण्याइतकी नळी सरकवते, शोधत काही नाही. त्यासाठी बैठकीचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो; आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम 21 अंशांवर, तोही धुळीत, आणि काही बैठकींचं तोलासाठीचं वजन तिपाईच्या पायाला अडतं. दुसरी 'पुश-टू': ढकलायचं हातानंच, किती ते पडदा सांगतो. तिसरी खरी 'गो-टू': नाव निवडा, ती आपणहून वळते. दुर्बिणीसाठी वर्गणी काढायच्या सभेत एकजण पहिलीबद्दल बोलत असतो, दुसरा तिसरीबद्दल, आणि चहा गार होतो.

गो-टूलाही आधी तारीख, वेळ, गाव सांगावं लागतं. तिच्या हँडसेटला, म्हणजे हातातल्या रिमोटला, बऱ्याचदा महिना आधी लागतो. 5 डिसेंबरला सवयीनं 05-12 टाकलं की ती मे महिन्याचं आकाश धरून चालते आणि पहिलाच तारा बाभळीत शोधते. शिवाय तिच्या पाच इंचीच्या पैशात साधारण आठ इंची डॉब्सोनियन येते, म्हणजे अडीच पट प्रकाश. शनिमंगळ दाखवायला गर्दी जमवणाऱ्यांनी तरी हा हिशेब आधी मांडावा. फोटोवाल्यांचं गणित वेगळं.

2023 पासून स्वस्त 'स्मार्ट' दुर्बिणींनी हा वादच बाजूला सारला आहे: भिंग 50 मिलिमीटरचं, चित्र थेट मोबाइलवर. भरीत पार्टीत शेतात तसलीच एक मांडलेली. एक बाबा तिच्याभोवती दोन चकरा मारून म्हणाले, "मंग डोया कुठे लावाचा?"