कोणती कॉन्फरन्स बलवान? महाविद्यालयीन फुटबॉलच्या क्रमवारीमागचे गणित

2008 च्या हंगामात अमेरिकेच्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये एक तिढा निर्माण झाला. 11 ऑक्टोबरला डॅलसच्या तटस्थ मैदानावर टेक्सस विद्यापीठाने ओक्लाहोमाला 45-35 असे हरवले. 1 नोव्हेंबरला लबक येथे टेक्सस टेकने टेक्ससला 39-33 असे नमवले. निर्णायक टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले सहा गुण) झाला तेव्हा घड्याळात एक सेकंद उरला होता. तीन आठवड्यांनी, 22 नोव्हेंबरला, ओक्लाहोमाने आपल्या घरच्या मैदानावर त्याच टेक्सस टेकचा 65-21 असा धुव्वा उडवला. हंगाम संपला तेव्हा तिन्ही संघांच्या नावावर 11 विजय आणि एक पराभव होता, तिघेही ‘बिग ट्वेल्व्ह’ या कॉन्फरन्सच्या, म्हणजे विद्यापीठांच्या गटाच्या, एकाच विभागातले होते आणि कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात त्या विभागातून एकालाच जागा होती. नियमाप्रमाणे राष्ट्रीय क्रमवारीत जो वर असेल त्याला ती जागा मिळायची, आणि ती ओक्लाहोमाला मिळाली. ओक्लाहोमाला स्पष्टपणे हरवलेला टेक्सस बाहेर राहिला. त्या निर्णयावर टेक्ससमध्ये आजही कडवटपणे बोलले जाते.

हे फुटबॉल म्हणजे शिरस्त्राण घालून, लांबट चेंडू हातात घेऊन खेळला जाणारा अमेरिकन खेळ. अ‍ॅन आर्बर, कोलंबस किंवा ऑस्टिन येथे शिकलेल्या मराठी मुलामुलींना शरद ऋतूतला तिथला शनिवार ठाऊक असतो: एक लाखाहून अधिक प्रेक्षक मावणारे मैदान विद्यापीठाच्या आवारात भरलेले असते आणि उरलेला आठवडा ‘आपला संघ कितव्या क्रमांकावर असायला हवा’ या वादात जातो. या वादाकडे चाहत्यांचा हट्ट म्हणून पाहिले जाते. मला मात्र तो अपुऱ्या माहितीवरून अनुमान कसे काढावे या संख्याशास्त्रातील जुन्या प्रश्नाचा अत्यंत शुद्ध नमुना वाटतो, आणि म्हणूनच तो गांभीर्याने घेण्याजोगा आहे.

अडचण मोजणीतूनच सुरू होते. आयपीएलमध्ये दहा संघ आहेत, प्रत्येक जण साखळीत 14 सामने खेळतो आणि प्रत्येकाची प्रत्येकाशी किमान एकदा गाठ पडते. त्यामुळे गुणतक्ता बऱ्याच अंशी स्वतःच बोलतो. महाविद्यालयीन फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत 2024 साली 134 संघ होते. त्यांच्या 8,911 जोड्या होतात. खेळ अंगावर घेणारा असल्याने संघ आठवड्यातून एकच सामना खेळू शकतो आणि नियमित हंगामात 12 सामने होतात, म्हणजे एकूण आठशेच्या आसपास. दर अकरा जोड्यांपैकी जेमतेम एक जोडी प्रत्यक्ष मैदानात भेटते. उरलेल्या दहा जोड्यांची तुलना आडवाटेने करावी लागते. अमुकने तमुकला हरवले, तमुकने आणखी कोणाला हरवले, अशा साखळीने.

1936 पासून असोसिएटेड प्रेसच्या मतदानात पत्रकार ही तुलना आपल्या अनुभवाने करत आले. 1998 ते 2013 या काळात राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या लढतीसाठी संघ निवडणाऱ्या ‘बाउल चॅम्पियनशिप सिरीज’ची अधिकृत क्रमवारी माणसांची मते आणि संगणकांची गणिते एकत्र करून काढली जाई. त्या संगणकी पद्धतींपैकी खगोलभौतिकीचे अभ्यासक वेस्ली कॉली यांची पद्धत पूर्णपणे प्रसिद्ध केलेली होती आणि ती समजायलाही सोपी आहे. तिचा पाया लाप्लास यांचा जुना नियम: विजयांत एक मिळवा, सामन्यांत दोन मिळवा आणि भागाकार करा. एकही सामना न खेळलेल्या संघाचे मूल्य त्यामुळे अर्धे येते; एक सामना खेळून जिंकलेल्याचे दोन तृतीयांश, हरलेल्याचे एक तृतीयांश. पण प्रतिस्पर्धी किती ताकदवान होता हे यात आलेले नाही. म्हणून कॉली प्रत्येक संघाच्या मूल्यात त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचे मूल्य गुंफतात. त्या प्रतिस्पर्ध्यांची मूल्ये पुन्हा त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांवर अवलंबून असतात, आणि शेवटी जितके संघ तितकी समीकरणे एकाच वेळी सोडवावी लागतात. जगात दोनच संघ असते आणि एकाने दुसऱ्याला हरवले असते, तर उत्तर 5/8 आणि 3/8 असे आले असते: विजेता दोन तृतीयांशावरून थोडा खाली येतो, कारण त्याने ज्याला हरवले तो हरलेलाच संघ आहे.

आता 2008 चे ते तीन संघ याच पद्धतीत घालून पाहा. प्रत्येकाचा एक विजय, एक पराभव. तिघांचेही मूल्य नेमके अर्धे. वर्तुळाला सुरुवात नसते, तशी या चक्राला वरची बाजू नाही. गुणांचा फरक धरला तर ओक्लाहोमा अधिक 34, टेक्सस अधिक 4 आणि टेक्सस टेक उणे 38 असे चित्र दिसते. परंतु प्रतिस्पर्ध्याला उगाच चिरडण्याला उत्तेजन मिळू नये म्हणून 2002 पासून अधिकृत संगणकांना गुणफरक वापरण्याची मनाई होती. तेव्हा तिघांमधला निकाल त्यांच्या परस्पर सामन्यांतून निघूच शकत नव्हता. तो माणसांच्या मतांतून आणि तिघे बाहेर कोणाशी खेळले यावरून निघाला.

हे जाळे किती एकसंध असते याचे एक उदाहरण 2010 चे आहे. कॉलींच्या गणितात खालच्या श्रेणीतील एक निकाल, अ‍ॅपलाचियन स्टेट विरुद्ध वेस्टर्न इलिनॉय, नोंदवायचा राहून गेला. ती चूक सुधारताच वरच्या श्रेणीच्या अधिकृत क्रमवारीत दहाव्या आणि अकराव्या जागेवरचे लुइझियाना स्टेट आणि बॉइझी स्टेट यांची अदलाबदल झाली. त्या दोघांपैकी कोणीही त्या दिवशी काहीही केलेले नव्हते. पद्धत प्रसिद्ध असल्यामुळेच बाहेरच्या माणसाला ही चूक सापडली. बाकीच्या पद्धती बंद पेटीत होत्या, ही त्या काळातली मोठी उणीव मी मानतो.

जाळे एकसंध असले तरी त्याची वीण सारखी नाही, आणि कॉन्फरन्सच्या बळाचा प्रश्न इथे येतो. कॉन्फरन्स म्हणजे बहुधा भूगोलावर आधारलेला विद्यापीठांचा संघटित गट. संघ आपले बहुतेक सामने आपल्याच कॉन्फरन्समध्ये खेळतो. मिशेल गिरवन आणि मार्क न्यूमन यांनी 2002 साली जाळ्यांमधील समूह शोधण्याची एक पद्धत मांडली, तेव्हा ती पारखण्यासाठी त्यांनी 2000 च्या हंगामातील 115 संघांचे जाळे घेतले. त्यात संघ सरासरी सात सामने कॉन्फरन्सच्या आत आणि चार बाहेर खेळले होते. कोण कोणत्या कॉन्फरन्सचा हे न सांगताही पद्धतीने बहुतेक सर्व कॉन्फरन्स अचूक वेगळ्या काढल्या. थोडक्यात, हे जाळे म्हणजे दाट वस्तीची बेटे आणि त्यांच्यामध्ये थोडेसे पूल.

बेटाच्या आत कितीही सामने झाले, तरी बेटाची समुद्रसपाटीपासूनची उंची त्यातून कळत नाही. कॉन्फरन्समधील सामन्यात एक जिंकला की एक हरतोच. प्रत्येकी आठ सामने झाले तर कॉन्फरन्सची सरासरी चार विजय, चार पराभव हीच येणार, मग ती देशातली सर्वोत्तम असो वा सर्वांत दुबळी. केनेथ मॅसी यांच्या पद्धतीत दोन संघांच्या मूल्यांमधला फरक म्हणजे अपेक्षित गुणफरक असतो. तिथे हे आणखी स्वच्छ दिसते: एका कॉन्फरन्सच्या सर्व संघांच्या मूल्यात प्रत्येकी दहा मिळवले, तर त्यांच्या आपापसातील एकाही निकालाच्या अपेक्षेत फरक पडत नाही. ते दहा खरे की खोटे हे फक्त पुलांवरचे सामने सांगू शकतात. ‘आमच्या कॉन्फरन्समध्ये प्रत्येक आठवडा खडतर असतो, म्हणून आमचे दोन पराभव माफ करा’ हा युक्तिवाद दर नोव्हेंबरात ऐकू येतो. आठवडे खडतर असतात हे खरे, पण ते सगळे संघ तुल्यबळ आहेत एवढेच त्यातून सिद्ध होते. ते तुल्यबळ उत्तम आहेत की तुल्यबळ सामान्य, हे त्यातून कळत नाही.

मग पूल किती भक्कम आहेत? हॅल स्टर्न यांनी 1991 मध्ये व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचे निकाल तपासून दाखवले, की अपेक्षित गुणफरकाभोवती प्रत्यक्ष गुणफरकाचे प्रमाण विचलन, म्हणजे नेहमीचा चढउतार, सुमारे 14 गुणांचे असते. महाविद्यालयीन खेळ त्याहून स्थिर असण्याचे कारण नाही, तेव्हा हाच आकडा धरू. साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये 2024 साली 16 संघ होते, आठ सामने आत, चार बाहेर. पण बाहेरच्या 64 सामन्यांतले बरेचसे, पैसे देऊन घरी बोलावलेल्या लहान संघांविरुद्ध असतात. मोठ्या कॉन्फरन्सच्या प्रतिस्पर्ध्याशी प्रत्येकाने किमान एक सामना खेळावा असा दंडक आहे. असे 16 सामने धरले आणि ते तीन-चार मोठ्या कॉन्फरन्समध्ये वाटले, तर कोणत्याही एका जोडीच्या वाट्याला चार-पाच येतात. चार सामन्यांच्या सरासरीतील अनिश्चितता म्हणजे 14 भागिले 2, म्हणजे सात गुण, म्हणजे अतिरिक्त गुणासह एक पूर्ण टचडाउन. दोन कॉन्फरन्समध्ये तीन-चार गुणांचा खराखुरा फरक असला, तरी तो या गोंगाटात दिसणार नाही. एवढ्या कमी पुराव्यावर ‘ही कॉन्फरन्स श्रेष्ठ’ असे ठामपणे सांगणाऱ्यांची खात्री मला चिंताजनक वाटते, कारण त्या खात्रीवर विशीतल्या खेळाडूंच्या संधी ठरतात.

लहान संघांविरुद्धच्या सामन्यांचा उपयोग का होत नाही, याचे उत्तर माहितीशास्त्र देते. बरोबरीच्या दोन संघांचा निकाल एक पूर्ण बिट (माहिती मोजण्याचे एकक) माहिती देतो. ज्या सामन्यात एका संघाची जिंकण्याची शक्यता 98 टक्के आहे, तो सरासरीने सुमारे 0.14 बिट देतो, म्हणजे जवळपास एक सप्तमांश. गुणफरक मोजला तरी फारसे हाती लागत नाही. आघाडी मोठी झाली की प्रशिक्षक मुख्य खेळाडूंना बाकावर बसवतात.

बाउल सामन्यांचे, म्हणजे नियमित हंगाम संपल्यावर निमंत्रित संघांमध्ये होणाऱ्या सामन्यांचे, शास्त्रीय मोल मला यात दिसते. या सामन्यांचा जन्म विज्ञानासाठी झालेला नाही. पॅसाडीना येथील गुलाबांच्या उत्सवाला जोड म्हणून 1 जानेवारी 1902 रोजी पहिला सामना झाला आणि मिशिगनने स्टॅनफर्डला 49-0 असे हरवले. 1916 पासून ‘रोझ बाउल’ दरवर्षी होऊ लागला. 1935 मध्ये शुगर आणि ऑरेंज, 1937 मध्ये कॉटन बाउल आले. हिवाळ्यात उबदार गावी पाहुणे यावेत हा हेतू. पण आयोजकांना सामना चुरशीचा हवा आणि प्रेक्षक दोन वेगळ्या प्रदेशांतून हवेत, म्हणून वेगळ्या कॉन्फरन्सचे, साधारण सारख्या दर्जाचे संघ समोरासमोर आणले जातात. नकळत हा उत्तम प्रयोग ठरतो: जिथे पूल हवा तिथेच पूल, आणि निकाल अनिश्चित. कॉन्फरन्सच्या एखाद्या जोडीच्या चार सामन्यांत बाउलच्या आणखी तीन सामन्यांची भर पडली, तर सात गुणांची अनिश्चितता सव्वापाचांवर येते.

तरीही क्रमवारी लावणाऱ्यांनी हा पुरावा दीर्घकाळ बाजूला ठेवला. असोसिएटेड प्रेसचे अंतिम मतदान 1968 पासून कायमचे बाउल सामन्यांनंतर होऊ लागले. प्रशिक्षकांचे मतदान 1973 च्या हंगामापर्यंत आधीच होत असे. 1973 च्या हंगामात प्रशिक्षकांनी अलाबामाला विजेता ठरवून टाकले आणि त्यानंतर शुगर बाउलमध्ये नोटर डेमने अलाबामाला 24-23 असे हरवले. उलट जिथे पुराव्याकडे पाहिले गेले तिथे समज बदलले. 2008 च्याच हंगामात लहान समजल्या जाणाऱ्या माउंटन वेस्ट कॉन्फरन्सचा यूटा संघ अपराजित होता, पण अजिंक्यपदाच्या लढतीत त्याला स्थान नव्हते. शुगर बाउलमध्ये त्याने अलाबामाला 31-17 असे हरवले आणि पत्रकारांच्या अंतिम क्रमवारीत तो दुसरा आला. दोन वर्षे आधी, त्याहून लहान कॉन्फरन्सच्या बॉइझी स्टेटने फिएस्टा बाउलमध्ये ओक्लाहोमाला 43-42 असे नमवले होते.

मात्र गेल्या दशकात या मापनयंत्रात बिघाड झाला आहे. 2016 च्या हंगामाअखेर लेनर्ड फोर्नेट आणि क्रिश्चन मॅकॅफ्री या दोन नामवंत खेळाडूंनी व्यावसायिक कारकिर्दीपूर्वी दुखापत नको म्हणून बाउल सामने सोडले, आणि ती वाट रुळली. पुढे विद्यापीठ बदलण्याची प्रक्रिया सोपी झाली व त्याची मुदत याच दिवसांत येऊ लागली. खेळाडूंचा निर्णय मला योग्यच वाटतो. शरीर त्यांचे आहे. पण सप्टेंबरमध्ये ज्याला मोजले तो संघ आणि डिसेंबरमध्ये मैदानात उतरणारा संघ यांचे फक्त नाव सारखे उरले, तर दोन्ही मापे एकाच समीकरणात घालता येत नाहीत.

2023 चा फ्लोरिडा स्टेट संघ दोन्ही बाजूंनी या प्रश्नात सापडला. 13 सामने, 13 विजय. पण क्वार्टरबॅक (चढाईची सूत्रे हाती असलेला मुख्य खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिस जायबंदी झाल्यावर निवड समितीने चार संघांच्या बाद फेरीत त्याला न घेता एक पराभव पदरी असलेल्या अलाबामाला घेतले. संघाने काय मिळवले आणि संघ आज किती बलवान आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. समितीने दुसऱ्याचे उत्तर दिले, आणि माझ्या मते बक्षिसासाठी पहिलाच विचारायला हवा होता. नंतर ऑरेंज बाउलमध्ये वीसहून अधिक खेळाडूंविना उतरलेला तो संघ जॉर्जियाकडून 63-3 असा हरला. बाउल इतिहासातला हा सर्वांत मोठा फरक. समितीचे समर्थक तो आकडा पुराव्यादाखल दाखवतात, पण मुख्य फळीच गैरहजर असलेल्या सामन्यावरून त्या संघाचे मूल्य ठरवणे म्हणजे तुटलेल्या तराजूवर वजन करण्यासारखे आहे. क्रमवारीच्या पद्धतींनी बाउलचा निकाल टाकून देण्याऐवजी, किती नियमित खेळाडू प्रत्यक्ष खेळले त्या प्रमाणात त्याला भार द्यावा. तशी नोंद ठेवणे आज अवघड नाही.

2024 पासून बाद फेरीत बारा संघ आले आणि तिचे मधले टप्पे सहा जुन्या बाउलमध्ये होऊ लागले. अजिंक्यपद पणाला असल्याने तिथे खेळाडू थांबतात, त्यामुळे काही पूल पुन्हा पूर्ण ताकदीचे झाले. पहिल्या वर्षी वरची चार मानांकने कॉन्फरन्स विजेत्यांसाठी राखीव होती, म्हणून समितीच्या क्रमवारीत नववा असलेला बॉइझी स्टेट तिसरा आणि बारावा असलेला अ‍ॅरिझोना स्टेट चौथा मानांकित झाला. चारही मानांकित संघ आपला पहिलाच सामना हरले. आठव्या मानांकनाचा ओहायो स्टेट नियमित हंगामात ओरेगनकडून 32-31 असा हरला होता. रोझ बाउलमध्ये त्याने त्याच ओरेगनला 41-21 असे हरवले. दोघेही ‘बिग टेन’चे, त्यामुळे या निकालाने कॉन्फरन्सच्या उंचीबद्दल काहीच सांगितले नाही. त्याआधी टेनेसीवर 42-17 आणि नंतर, 2024 मध्ये साउथईस्टर्नमध्ये दाखल झालेल्या टेक्ससवर 28-14 असे जे विजय ओहायो स्टेटने मिळवले, त्यांनी मात्र ‘बिग टेन’ आणि साउथईस्टर्न यांच्यामध्ये दोन नवे, भक्कम पूल टाकले. पुढच्याच हंगामापासून ते राखीव मानांकन रद्द झाले. दरम्यान साउथईस्टर्न कॉन्फरन्सने 2026 पासून आपसातले सामने आठवरून नऊ करण्याचे ठरवले आहे, म्हणजे बाहेरच्या जगाशी पडणारी प्रत्येक संघाची गाठ चारवरून तीनवर येईल.