दात वाकडे, पण तारा इतक्यात नको

दुधाचे पुढचे दात पडून नवे आले की आठ-नऊ वर्षांच्या पोराचं तोंड ओळखू येईनासं होतं. वरच्या मधल्या दोन दातांत फट, त्यांच्या शेजारचे दोन पंख्याच्या पात्यांसारखे बाहेर पसरलेले आणि चेहऱ्याच्या मानाने सगळेच दात भलेमोठे. आईवडील घाईघाईने दंतवैद्याकडे जातात. तो एक्स-रे काढतो, बराच वेळ न्याहाळतो आणि सांगतो, "आत्ता काही करायचं नाही. सुळे येऊ देत."

पालकांना ही चालढकल वाटते. पण त्या एक्स-रेत उत्तर असतं. न आलेले सुळे अजून वर हाडात असतात आणि शेजारच्या पटाशीच्या दातांच्या मुळांना खेटून बसलेले असतात. मुळं आत रेटली गेली की दाताचं टोक बाहेर कलणारच. पुढे अकराव्या-बाराव्या वर्षी सुळा त्याच दाताच्या अंगाने घसरत खाली येतो, त्याचा रेटा मुळाकडून टोकाकडे सरकतो आणि दोनेक मिलिमीटरची फट बहुधा आपोआप मिटते. फट त्याहून मोठी असेल, तर मात्र नुसतं थांबून भागेलच असं नाही. सुळे येण्याआधीच तारेने दात सरळ करायला गेलं, तर मुळं सुळ्याच्या वाटेत येतात आणि झिजू शकतात. ब्रॉडबेंट या अमेरिकी दंततज्ज्ञाने १९३७ मध्ये या काळाला कुरूप पिल्लाची अवस्था असं नाव दिलं. वर्णन चपखल आहे, पण ते मुलासमोर उच्चारू नये हे बरं.

मुळात मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नव्हे. जन्मतः डोकं शरीराच्या लांबीच्या पाव भाग असतं, मोठेपणी जेमतेम आठवा. अमेरिकी शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड स्कॅमन यांनी १९३० मध्ये शरीरातल्या निरनिराळ्या ऊतींच्या वाढीचे आलेख मांडले, तेव्हा प्रत्येकीचं घड्याळ वेगळं असल्याचं ठळकपणे दिसलं. मेंदू सहा-सात वर्षांतच जवळपास पूर्ण आकाराला पोचतो. टॉन्सिलसारख्या ऊती दहा-बारा वर्षांच्या सुमारास मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट होतात आणि मग आक्रसतात. हाडं-स्नायू आधी जोरात, मग संथ, मग वयात येताना पुन्हा जोरात वाढतात. जबडे यांच्या अधेमधे. वरचा जबडा कवटीला चिकटलेला, म्हणून थोडा मेंदूच्या वेळापत्रकाने चालतो. खालचा उंचीच्या मागून जातो आणि सर्वांत शेवटी थांबतो. एकाच तोंडात दोन वेळापत्रकं, आणि ती जुळावीत अशी आपली अपेक्षा!

खालचा जबडा वाढतो कसा, हा प्रश्न मला सगळ्यांत मजेदार वाटतो. दुधाच्या दातांच्या मागे नंतर प्रत्येक बाजूला तीन मोठ्या दाढा यायच्या असतात. त्यांना जागा कुठून मिळते? हनुवटी पुढे वाढून, असं कुणालाही वाटेल. याचं उत्तर डुकरांच्या हाडांतून मिळालं. जॉन बेल्चर या इंग्लिश शल्यवैद्याला एका कापड रंगवणाऱ्याकडे जेवताना डुकराच्या मांसातली हाडं लाल दिसली. त्या डुकरांच्या खाण्यात मंजिष्ठेच्या जातीचा रंग गेलेला होता. १७३६ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. हा रंग पोटात जात असताना जे हाड नव्याने तयार होतं, तेवढंच लाल होतं. पुढे जॉन हंटर या स्कॉटिश शल्यवैद्याने हीच युक्ती वापरून डुकरांचे जबडे तपासले. जबड्याचा जो उभा भाग कानाकडे जातो, त्याच्या मागच्या कडेला नवं हाड चढत होतं आणि पुढच्या कडेचं हाड झिजत होतं. म्हणजे ती उभी भिंतच मागे मागे सरकत जाते आणि तिच्यापुढे दाढांना अंगण मिळतं. जबडा वाढतो मागच्या बाजूला, पण मागे कवटीचा अडसर असल्याने सरकतो पुढे. अक्कलदाढ ज्यांना छळते, त्यांच्याकडे हे अंगण थोडं अपुरं पडलेलं असतं.

जागेचा आणखी एक हिशेब दुधाच्या दाढांत दडलेला आहे. मागची दुधाची दाढ तिच्या जागी येणाऱ्या उपदाढेपेक्षा रुंद असते. दुधाचा सुळा आणि दोन्ही दाढा यांची अदलाबदल एकत्र धरली, तर खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला सरासरी १.७ मिलिमीटर जागा शिल्लक राहते, वरच्यात ०.९. ऐकायला क्षुल्लक, पण दाटीवाटीने उभ्या दातांना तेवढीही पुष्कळ असते. म्हणून "दुधाचाच दात आहे, पडणारच आहे" असं म्हणत किडलेली दाढ सोडून देणं महागात पडतं. ती वेळेआधी गेली की तिच्यामागे सहाव्या वर्षी आलेली पक्की दाढ पुढे कलते आणि उपदाढेची जागा बळकावते. अशा वेळी दंतवैद्य तारेचा एक साधा वेढा बसवून ती जागा राखून ठेवतो.

टाळूच्या मधोमध हाडाची एक शिवण असते. ती कच्ची असेपर्यंत अरुंद जबडा स्क्रूच्या उपकरणाने काही आठवड्यांत रुंद करता येतो. दोन हाडं सरकतात आणि मधल्या फटीत नवं हाड भरतं. शिवण घट्ट विणली गेल्यावर त्याच कामासाठी शस्त्रक्रिया लागू शकते.

खालचा जबडा मागे राहिला असेल तर तारुण्यातल्या वाढीच्या झपाट्याचा फायदा घ्यायचा असतो. तो मुलींत सरासरी बाराव्या, मुलांत चौदाव्या वर्षी येतो, पण एकाच वर्गातल्या दोघांत दोन-तीन वर्षांचा फरक सहज असतो. म्हणून जन्मतारखेवर विसंबत नाहीत. मनगटाच्या एक्स-रेत हाडांची टोकं कितपत जुळली ते पाहतात, किंवा डोक्याच्या बाजूने घेतलेल्या एक्स-रेत मानेच्या मणक्यांचा खालचा काठ पाहतात: आधी सपाट असलेला काठ वयात येताना खोलगट होत जातो. अर्थात उपकरणांनी जबडा एरवी वाढला असता त्यापेक्षा किती जास्त वाढतो, यावर तज्ज्ञांत आजही वाद आहे.

घाईची खरी किंमत दिसते ती इम्प्लांटमध्ये, म्हणजे हाडात पक्क्या बसवलेल्या खोट्या दातात. समजा, तेराव्या वर्षी खेळताना पडून पुढचा दात गेला. लगेच इम्प्लांट बसवलं तर ते त्या दिवशी शेजाऱ्यांच्या बरोबरीला दिसेल. पण शेजारचे खरे दात जबडा वाढेल तसे हाडासकट खाली येत राहतात आणि इम्प्लांट हाडात घट्ट रुतलेलं. चार-पाच वर्षांत तो एकच दात आखूड, हिरडीत वर अडकल्यासारखा दिसू लागतो. म्हणून तोवर काढता-घालता येणारा खोटा दात देतात. वाढ थांबली का, हे ठरवायला बाजूने घेतलेले दोन एक्स-रे, मध्ये किमान सहा महिने किंवा वर्षभर सोडून, एकावर एक ठेवून रेषा जुळवतात. हनुवटी अजून पुढे गेलेली दिसली, तर पुन्हा सहा महिन्यांनी बोलावतात, मग तो मुलगा उंचीने बापाला मागे टाकून का बसलेला असेना.