ब्लडी

ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील बोली इंग्रजीत वापरला जाणारा, किंचित असभ्य समजला जाणारा जोरदर्शक शब्द. मूळ अर्थ ‘रक्ताळलेला’. पण ‘ब्लडी कोल्ड’ म्हणताना रक्ताचा मागमूसही नसतो. आपण ‘भयंकर गोड’ म्हणतो तेव्हा भय जसे गळून पडते, तसेच हे.

व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. ‘बाय अवर लेडी’ या मेरीमातेच्या शपथेचा हा अपभ्रंश, ही समजूत सर्वाधिक लोकप्रिय. या शपथेचे ‘बर्लेडी’ हे आखूड रूप शेक्सपिअरच्या काळात रूढ होते, आणि जोनाथन स्विफ्टच्या पत्रांत (१७१०–१३) थंडीसाठी ‘बर्लेडी’ व उकाड्यासाठी ‘ब्लडी’ असे दोन्ही शब्द आढळतात. मात्र दोन शब्द एकच काम करतात एवढ्यावरून एक दुसऱ्यापासून जन्मला असे ठरत नाही. शिवाय ‘ले’चा ‘ल’ कसा झाला, याचे समाधानकारक उत्तर या मतात मिळत नाही. ‘गॉड्स ब्लड’ या शपथेशी, तसेच डच व जर्मन भाषांतील सदृश शब्दांशीही नाते जोडले गेले आहे. ऑक्सफर्ड कोशाच्या पहिल्या आवृत्तीचा कल वेगळा होता : सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील उनाड उमराव तरुणांना ‘ब्लड’ म्हणत, ‘ब्लडी ड्रंक’ म्हणजे अशा ब्लडसारखा झिंगलेला. जॉर्ज एथरेजच्या ‘द मॅन ऑफ मोड’ (१६७६) या सुखात्मिकेत जोडे शिवणाऱ्याला अर्धा क्राउन द्यायचा, पण तो ‘ब्लडी ड्रंक’ होण्याचे वचन देत असेल तरच, अशी अट एक पात्र घालते. उमरावी चैनीच्या नाटकात आणि तेही दारूच्याच संदर्भात शब्द इतक्या लवकर सापडावा, हे या मताला पोषक वाटते.

१७५० च्या सुमारापर्यंत शब्दाला फारसा बट्टा नव्हता. सॅम्युएल जॉन्सनच्या कोशात (१७५५) तो अतिशय ग्राम्य ठरला. एकोणिसाव्या शतकात वृत्तपत्रे मधली अक्षरे गाळून तो छापत. ११ एप्रिल १९१४ रोजी लंडनमध्ये जॉर्ज बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकात (पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’चा मूळाधार) नायिका एलायझाने ‘नॉट ब्लडी लाइकली’ म्हटले आणि प्रेक्षागृह हशाने दणाणले. पुढे लोक गमतीने ‘नॉट पिग्मॅलियन लाइकली’ म्हणू लागले.

व्याकरणदृष्ट्या विशेष म्हणजे हा शब्द दुसऱ्या शब्दाच्या पोटात शिरतो : ‘ॲब्सो-ब्लडी-ल्यूटली’. तोही कुठेही नाही, तर आघात असलेल्या अवयवाच्या (सिलॅबलच्या) नेमका आधी. इंग्रजीत मध्यप्रत्यय जवळजवळ नाहीत. म्हणून ही रचना मोलाची.

ऑस्ट्रेलियात तो ‘थोर ऑस्ट्रेलियन विशेषण’ म्हणून मिरवतो. त्या देशाच्या २००६ च्या पर्यटन जाहिरातीतील ‘ब्लडी हेल’ला ब्रिटिश दूरचित्रवाणीवर काही काळ बंदी झाली होती.

मराठी बोलण्यात तो ‘ब्लडी फूल’सारख्या साहेबी दटावणीपुरता आला. ‘आज ब्लडी ऊन आहे’ असे मराठीत सहसा कोणी म्हणत नाही. जोर द्यायला ‘च्यायला’ आहेच.