रेणू फिरवून दाखवण्याची साठ वर्षे

प्रथिनाचा सांगाडा सपाट पडद्यावर स्थिर असला की नुसता रेषांचा गुंता दिसतो. तोच हलू लागला की कोणती साखळी पुढे, कोणती मागे हे डोळ्यांना कळते. मानसशास्त्रज्ञ वॉलाख आणि ओ'कॉनेल यांनी १९५३ मध्ये हा परिणाम प्रयोगांनी दाखवला होता. १९६०च्या दशकाच्या मध्याला एमआयटीत सायरस लेव्हिंथल यांच्या गटाने तो रेणूंसाठी वापरला. पडद्यावर रेषांचे प्रथिन आणि शेजारी एक गोळा. त्यावर हात ठेवून फिरण्याची दिशा व वेग बदलता येई.

मात्र हे दृश्य त्या यंत्रासमोर बसलेल्यालाच दिसे. इतरांना दाखवायचे तर फिल्म हवी. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत नेल्सन मॅक्स यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस छायांकित अणूंच्या फिल्म फ्रेममागून फ्रेम (एकेक स्थिर चित्र) टिपल्या. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर दहा सेकंदांना २४० चित्रे लागतात. शिवाय प्रेक्षकाला फक्त बघता येते, फिरवता येत नाही.

ही अडचण अॅपलच्या क्विकटाइम व्हीआर या चित्रस्वरूपाने १९९५ मध्ये चतुराईने सोडवली. वस्तूची चित्रे दर १० अंशांवर आडवी ३६ आणि उभी १९, म्हणजे एकूण ६८४ घ्यायची आणि माउस ओढला की शेजारची फ्रेम दाखवायची. वस्तूचे त्रिमितीय मॉडेल फाइलमध्ये नसतेच. असतो तो चित्रांचा तक्ता. म्हणूनच प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे संकुचित असावी लागे. आधीच्या फ्रेमशी फक्त फरक साठवणारे कोडेक (व्हिडिओ संकुचित करण्याची पद्धत) वापरले की मागे ओढताना चित्र अडखळे. पुढे अॅपलने हे स्वरूप चालवणाऱ्या क्विकटाइम ७ कडे पाठ फिरवली, मॅकओएस कॅटालिनाने २०१९ मध्ये ३२-बिट (जुन्या धाटणीचे) प्रोग्रॅम बंद केले आणि हे स्वरूप जवळपास संपले.

आज किमेरा-एक्स या रेणू दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये काम चार आज्ञांत होते: रेकॉर्डिंग सुरू करा, वाय अक्षाभोवती दर फ्रेमला २ अंश याप्रमाणे १८० फ्रेम फिरवा, तेवढ्याच फ्रेम थांबा आणि एन्कोड करा (चित्रांची व्हिडिओ फाइल बनवा). सेकंदाला २५ फ्रेमने ७.२ सेकंदांचा व्हिडिओ मिळतो. बहुतेकांची चूक थांबण्याच्या आज्ञेत होते. फिरवण्याची आज्ञा लगेच पुढच्या ओळीला वाट देते, त्यामुळे 'थांबा' गाळले तर फिरणे पुरे होण्याआधीच एन्कोडिंग सुरू होते. बारीक रेषा चमचमत असतील तर सुपरसॅम्पल (चित्र मोठे काढून लहान करण्याची सोय) ३ ठेवा. नऊपट पिक्सेल काढावे लागतात, म्हणून वेळ जातो, पण कडा शांत होतात. फिरण्याचे केंद्र मॉडेलच्या मध्यावर नसेल तर मॉडेल झोके घेते.

पायमॉल या दुसऱ्या रेणू-प्रोग्रॅममध्ये किंवा स्वतःच्या स्क्रिप्टने फ्रेम काढताना ० आणि ३६० दोन्ही अंश घेऊ नका. ते एकच चित्र आहे आणि व्हिडिओ पुन्हापुन्हा चालवला की प्रत्येक फेरीला क्षणभर थबकतो. एमपी४ करताना रुंदी-उंची सम ठेवा, नाहीतर नेहमीच्या रंगस्वरूपात एन्कोडर नकार देतो. व्हिडिओखालची पट्टी ओढून रेणू फिरवायचा असेल तर प्रत्येक फ्रेम की-फ्रेम (स्वतंत्र, पूर्ण चित्र) करा. फाइल फुगते, आणि फिरणे एकाच अक्षाभोवती राहते.