‘मी जातो’ म्हणणारी आजी : सीमाभागातल्या कथेत माणसं कशी आली

बेळगावात महिन्यातल्या एका रविवारी आम्ही आठ-दहा जण आपापल्या कथा वाचायला जमतो. मागे खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेल्या मुलीनं आजीवरची कथा वाचली. आजी रानात निघालेली आहे. उंबऱ्यावर थांबून ती पदराची गाठ चाचपते, किल्ली आहे ना बघते आणि म्हणते, ‘मी निघाले बरं का, संध्याकाळपर्यंत परत येईन.’ वाचून झाल्यावर कोपऱ्यातल्या एका वयस्क गृहस्थांनी एवढंच विचारलं, ‘बाळ, तुझी आजी असं बोलते?’

मुलगी जरा घुटमळली. मग म्हणाली, ‘नाही. आजी म्हणते, मी जातो गं, कडूसं पडायच्या आत येतो.’

शाळेत एकदा निबंधात तिनं ते तसंच लिहिलं होतं आणि ‘जातो’खाली लाल रेघ आली होती. तेव्हापासून आजी कागदावर आली की पुस्तकी बोलायला लागायची. त्या दिवशी मात्र ते एक वाक्य ऐकलं आणि म्हातारी आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. गाठ, किल्ली, उंबरा हे सगळं कथेत आधीपासून होतंच. कमी होता तो तिचा आवाज.

लक्षात राहणारं पात्र कसं घडतं, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. ‘पात्र’ हा शब्दच मुळी नाटकातून आला. जुन्या नाट्यशास्त्रानं नायकाचे चार साचे ठरवून दिले होते : धीरोदात्त, धीरोद्धत, धीरललित आणि धीरप्रशांत. कुणी कुठल्या भाषेत बोलायचं हेही ठरलेलं असे. राजा आणि मंत्री संस्कृतात बोलणार, बायका आणि नोकरचाकर प्राकृतात. ज्या महाराष्ट्री नावाच्या प्राकृतातून आपली मराठी आली, ती या नाटकांत बायकांच्या गाण्यांना दिलेली होती. म्हणजे माणसाची पायरी त्याच्या तोंडच्या भाषेवरून कळायची. हा हिशेब आपल्या मनातून अजून पुरता गेलेला नाही. निबंधातली ती लाल रेघ मला त्याच हिशेबातली वाटते.

मराठी गद्याची सुरुवात मात्र याच्या अगदी उलट झाली, आणि याचं मला फार अप्रूप आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं त्यांच्याकडे ते स्वतः गेले आणि कोण कुठे काय म्हणालं ते विचारून टिपून घेतलं. म्हणून त्यांच्या ‘लीळाचरित्रा’तली माणसं आजही बोलताना ऐकू येतात. कुणी रुसतं, कुणी वाद घालतं, कुणी भाबडा प्रश्न विचारतं. पात्ररचनेचं शास्त्र त्यात कुठेच नाही. ऐकलेलं बोलणं जपून ठेवायचं, एवढी काळजी आहे.

मराठी कादंबरीच्या उगमाशी तर आमच्या बेळगावचाच माणूस आहे. बाबा पदमनजींचा जन्म इथला, १८३१ चा. त्यांचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली आलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून त्याचं नाव घेतात. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि ठिकठिकाणी विधवांच्या कहाण्या ऐकते. विषय त्या काळच्या मानानं धाडसाचा होता आणि लेखकाची कळकळ पानोपानी जाणवते. तरी यमुना माणूस म्हणून मनात रेंगाळत नाही. तिला स्वतःला काय हवं आहे, ती कशावर चिडते, काय लपवते, हे आपल्याला फारसं कळतच नाही. लेखकाला जे सांगायचं आहे त्यासाठी ती फिरते. आपल्या गावच्या लेखकाबद्दल हे लिहिताना जड जातं, पण त्या पहिल्या पावलाचं मोल त्यानं कमी होत नाही.

पुढे तीस-पस्तीस वर्षांत हरिभाऊ आपटे ‘करमणूक’मधून ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहू लागले. इथेही यमूच आहे, इथेही वैधव्याचंच दुःख आहे. पण गोष्ट ती स्वतः सांगते. तिच्या बोलण्यात माहेरचं घर आहे, भावाशी केलेल्या गप्पा आहेत, न समजलेल्या गोष्टींची भीती आहे. विषय तोच असून एक नायिका विसरली जाते आणि दुसरी शंभर वर्षं सोबत राहते, याचं कारण मला एवढंच दिसतं : दुसरीला स्वतःचं तोंड मिळालं. इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये पात्रांची ‘सपाट’ आणि ‘भरीव’ अशी विभागणी केली, ती आपल्याकडे कॉलेजात आजही शिकवतात. शिकवायला सोपी आहे. पण समोर बसून लिहिणाऱ्या मुलीला ‘आजी भरीव कर’ म्हटलं तर तिनं करायचं काय? ‘आजी कशी बोलते ते आठव’ म्हटलं की तिचा हात चालायला लागतो.

यानंतरचं मोठं वळण व्यक्तिचित्राचं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ १९४९ साली पुस्तकरूपानं आली आणि दुष्काळी मुलखातली साधी माणसं त्यांच्या बोलीसकट मराठी वाचकाच्या घरात शिरली. माणदेश आमच्यापासून लांब. पण आपल्या गावचं माणूस आहे तसं लिहिता येतं, हा धीर त्या पुस्तकानं खेड्यापाड्यांतल्या लिहिणाऱ्यांना दिला.

सीमाभागाला मात्र हा धीर यायला वेळ लागला, आणि त्याचं कारण नुसतं साहित्यातलं नाही. १९४६ चं साहित्य संमेलन बेळगावात भरलं, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते आणि तिथेच संयुक्त महाराष्ट्राची मागणी ठरावात आली. दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी हा पट्टा म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून इथं मराठीत लिहिणं म्हणजे मराठी राखणं झालं. जे राखायचं ते मग स्वच्छ, निर्मळ ठेवावंसं वाटतं. जी भाषा आपली म्हणून सिद्ध करायची आहे, तिच्यात कानडीचा हेल दिसला तर कसं, ही भीती मी मागच्या पिढीतल्या कितीतरी चांगल्या लिहिणाऱ्यांच्या वह्यांत पाहिली आहे. घरात ‘अक्का’, ‘अव्वा’ म्हणणारी माणसं कथेत ‘ताई’, ‘आई’ लिहायची. त्यांना दोष देववत नाही. पण माणसं हातची गेली, हेही खरं.

कारण इथलं बोलणं हीच इथल्या माणसाची ओळख आहे. ‘मी जातो’चंच बघा. कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत कितीतरी बायका स्वतःबद्दल ‘मी येतो, मी करतो’ म्हणतात. कानडीत ‘नानु होगुत्तेने’ म्हणणारा पुरुष आहे की बाई, हे क्रियापदावरून कळत नाही. शेजारची ही सवय आपल्या बोलीत मुरली असावी, असं मला वाटतं. गणपत गल्लीतली भाजीवाली एका गिऱ्हाईकाशी मराठीत भाव करते, दुसऱ्याशी कानडीत, तिसऱ्याशी हिंदीत. ती भाषा कधी बदलते, कुणाशी बदलत नाही, रागावल्यावर कुठल्या भाषेत शिरते, हे नीट टिपलं तर तिच्या स्वभावाबद्दल वेगळं एक अक्षर लिहावं लागत नाही.

हे सामर्थ्य आधी ठसठशीत दाखवलं ते पु. ल. देशपांडे यांनी. ते बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते. ‘गणगोत’मधले त्यांचे रावसाहेब बेळगावचे. त्यांचं कानडी हेलाचं मोकळंढाकळं मराठी शुद्ध करून लिहिलं असतं तर रावसाहेब उरलेच नसते. दांडगं बोलणं आणि आतला हळवेपणा एकाच तोंडून येतो, म्हणून तो माणूस विसरत नाही.

आणि मग प्रकाश नारायण संतांच्या कथांतला लंपन. कवयित्री इंदिरा संत बेळगावात राहिल्या, इथेच त्यांनी शिकवलं. त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत कऱ्हाडला भूशास्त्र शिकवत. त्यांचा ‘वनवास’ १९९४ साली आला आणि पुढे आणखी तीन पुस्तकांतून हा मुलगा वाढत राहिला. आजी-आजोबांकडे राहायला आलेलं, सीमाभागातल्या गावात रुळू पाहणारं पोर. त्याच्या आजूबाजूची मराठी कानडीला खेटून चालते आणि लेखक त्याचा खुलासा करत बसत नाही. मला वाटतं, लिहून दाखवण्याची आमची भीती खऱ्या अर्थानं तिथं मोडली.

आता थंडी पडली की कडोली, उचगाव, सांबरा, येळ्ळूर, बेळगुंदी अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात. सकाळी ग्रंथदिंडी, मग भाषणं. पण मांडव भरतो तो कथाकथनाला. ऐकायला बसलेल्यांत शेतातून आलेल्या बायका असतात आणि त्यांना खोटं बोलणं लगेच कळतं. कथेतली म्हातारी पुस्तकी बोलायला लागली की मागच्या रांगांत कुजबुज सुरू होते. ती बरोबर बोलली की मांडव गप्प होतो.

खानापूरच्या मुलीनं पुढच्या महिन्यातल्या रविवारी कथा पुन्हा आणली. ‘मी जातो गं’ आता जागेवर होतं. पण एवढंच बदललं नव्हतं. आजीचा आवाज सापडल्यावर तिला आणखी एक गोष्ट आठवली होती : बैल सोडताना आजी त्याच्याशी कानडीत बोलते. का, हे घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. मधल्या काळात तिनं आजीला विचारलं. बैल गोकाकच्या बाजारातून आणलेला, त्याला मराठी कळत नाही, असं आजी म्हणाली.