घोळक्यातला पहिला माणूस

एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत उभा होतो. फलाटाच्या कडेला विशीतला एक मुलगा अचानक कोसळला. हातपाय झटके देऊ लागले, तोंडाला फेस आला. बघता बघता तीस-चाळीस माणसांचं कडं झालं. "चप्पल हुंगवा," कुणीतरी ओरडलं. कुणी त्याच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला. बाकीचे नुसते बघत होते, आणि त्यांत मीही होतो. एवढ्यात पेरूची पाटी खाली ठेवून एक मावशी आत घुसल्या. "सरका, वारा येऊ द्या," म्हणत त्यांनी डोक्यावरची चुंबळ काढली आणि मुलाच्या डोक्याखाली सारली. त्यासरशी कडं मोडलं. एकाने मुलाची बॅग उचलून बाजूला धरली, दुसरा १०८ला फोन लावू लागला, तिसरा कंट्रोलरच्या केबिनकडे पळाला.

गाडीत शेजारी बसलेले आजोबा म्हणाले, "माणुसकी राहिली नाही हो आता." मला ते पटेना. दहा सेकंदांपूर्वी खिळून उभी असलेली तीच माणसं धावपळ करत होती. माणुसकी नव्हतीच, तर मावशींच्या मागोमाग ती आली कुठून?

या प्रश्नाचा अभ्यास जॉन डार्ली आणि बिब लाताने या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली केला, आणि योगायोग म्हणजे त्यांच्या प्रयोगातही फीटच होती. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवरून बोलायला सांगितलं. बोलता बोलता त्यांतल्या एकाला फीट येते. तो आवाज खरं तर आधीच टेप केलेला होता, पण ऐकणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. आपण एकटेच हे ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के जणांनी फीट संपायच्या आत मदतीसाठी हाक दिली. आणखी एक जण ऐकतोय असं वाटलं तेव्हा ६२ टक्के. आणखी चार जण ऐकतायत असं वाटलं तेव्हा फक्त ३१ टक्के.

बहुतेक लेख इथेच थांबतात: गर्दीत जबाबदारी वाटली जाते, म्हणून गर्दी वाईट. पण हे आकडे जरा पाटीवर मांडून बघा. पाच जण ऐकत आहेत आणि प्रत्येक जण उठण्याची शक्यता ०.३१ आहे. म्हणजे एक जण न उठण्याची शक्यता ०.६९. पाचही जण बसून राहण्याची शक्यता ०.६९ चा पाचवा घात, साधारण ०.१६. म्हणजे पाचांतला निदान एक तरी उठेल याची शक्यता ८४ टक्के! दोघांसाठी हेच गणित केलं तर उत्तर येतं ८६ टक्के. एकट्यासाठी ८५ होतंच. जबाबदारी वाटली गेली खरी, पण संकटातल्या माणसाचं फारसं बिघडलं नाही. हाक यायला वेळ जास्त लागला, एवढंच.

मग बिघडतं कुठे? वरच्या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरली आहे, की प्रत्येक जण स्वतंत्रपणे ठरवतो. वेगवेगळ्या खोल्यांत ते शक्य होतं. स्टँडवर नसतं, कारण तिथे आपण एकमेकांचे चेहरे बघत असतो.

याच दोघांचा त्याच वर्षीचा दुसरा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. विद्यार्थी खोलीत बसून फॉर्म भरतोय आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर यायला लागतो. एकटे असताना दर चार विद्यार्थ्यांमागे तिघे, म्हणजे ७५ टक्के, बाहेर जाऊन सांगतात. आता तिघांना एकत्र बसवलं. स्वतंत्रपणे ठरवत असते तर तिघांतला एकही न उठण्याची शक्यता ०.२५ चा घन, दीड टक्का. म्हणजे ९८ टक्के गटांतून कुणीतरी उठायला हवं होतं. प्रत्यक्षात आठ गटांपैकी तीनच गटांतून कुणी उठलं.

घडतं ते असं. धूर दिसल्यावर पहिला माणूस मान वर करतो, पण घाबरलेलं दिसायला नको म्हणून चेहरा शांत ठेवून इतरांकडे बघतो. इतरही तेच करत असतात. प्रत्येकाला दोन शांत चेहरे दिसतात आणि तो निष्कर्ष काढतो, की काळजीचं काही नसावं. आतून तिघेही घाबरलेले आणि बाहेरून तिघेही एकमेकांना धीर देणारे. नंतर विचारलं तेव्हा न उठलेल्यांनी वाफ असेल, एसीचं काहीतरी असेल अशी कारणं दिली. ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटलं होतं. आणि फीटच्या प्रयोगात जे उठले नव्हते, त्यांतल्या अनेकांचे हात थरथरत होते, "तो बरा आहे ना?" असं ते विचारत होते. मन दगड झाल्याची ही लक्षणं नव्हेत.

नुसत्या उपदेशाने हे सुटत नाही. १९७३ साली प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना भाषणासाठी दुसऱ्या इमारतीत पाठवलं, वाटेत एक माणूस कण्हत बसवला. सवड असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, घाईत असलेल्यांपैकी १० टक्के. काहींच्या भाषणाचा विषयच वाटेवरच्या जखमीला मदत करणाऱ्याची गोष्ट हा होता, त्याने लक्षणीय फरक पडला नाही. याउलट गर्दीत मन असं का अडकतं हे समजावून सांगितल्यावर लोक जास्त मदत करतात, असं १९७८च्या एका प्रयोगात दिसलं. म्हणून हे सगळं इतकं सविस्तर लिहितोय.

स्टँडवरच्या त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतोय. शंका आली की आजूबाजूचे चेहरे बघायचे नाहीत, सरळ जाऊन विचारायचं: "काका, बरं वाटतंय ना?" जिन्यात दम लागून टेकलेले, बसमध्ये डोकं धरून बसलेले. बहुतेक वेळा "काही नाही हो, दमलोय" हेच उत्तर येतं. सराव म्हणून तेवढंही पुरतं. आणि गर्दीला उद्देशून "कुणीतरी फोन करा" म्हणायचं नाही. एकाकडे बोट दाखवायचं: "निळा शर्ट, तुम्ही १०८ला फोन करा."

चपलेबद्दलही सांगायलाच हवं. बहुतेक फीट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, म्हणूनच चप्पल, कांदा, लोखंड यांना फुकटचं श्रेय मिळतं. तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, झटके थांबले की कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखाना गाठायलाच हवा.

अपघात झाला असेल तर पोलिसांच्या लफड्याची भीती बाळगू नका. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम मान्य केले आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातच ते आलं. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्यावर स्वतःचं नाव सांगायची सक्ती करता येत नाही.

तो मुलगा थोड्या वेळाने उठून बसला. मावशींनी चुंबळ झटकली, डोक्यावर ठेवली आणि एकाला पाटीला हात लावायला सांगितला. तिघे पुढे झाले.